मी खुर्चीत बसले नाही

फरशीखाली माल, म्हणजे सिमेंट-वाळूचा लगदा, नीट भरला आहे की नाही, हे बघायला माझ्याकडे वीतभर लांबीचा लोखंडी गज होता. तो दोन बोटांत सैल धरायचा आणि फरशीच्या चार कोपऱ्यांवर आणि मधोमध हलकेच टाकायचा. भरलेली फरशी दबका आवाज देते. पोकळ फरशी रिकाम्या डब्यासारखी वाजते. अशा फरशीवर वर्षभर मुलं नाचली की ती फुटते आणि तिचा कोपरा कुणाच्या तरी तळपायात जातो. एवढंच ते शास्त्र. त्याला कॉलेज लागत नाही, कान लागतो.

या अंकाच्या संपादक बाईंनी लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मी चौथी पास आहे. त्या म्हणाल्या, "मग चौथी पास माणसाला कळेल असं लिहा. आमचे वाचक सुखी होतील." म्हणून लिहिते आहे. शुद्धलेखन त्यांनी सुधारावं. बाकी काही सुधारू नये.

मी चाळीस वर्षं बांधकामावर बिगारी होते. बिगारी म्हणजे गवंड्याच्या हाताखाली विटा, वाळू, माल वाहणारी. त्यानंतर बारा वर्षं मी शाळा तपासल्या. हे ऐकून लोक हसतात. शाळा तपासणारा म्हटलं की मुलांना पाढे विचारणारा साहेब त्यांना आठवतो. मी पाढे विचारत नव्हते. जुनी शाळा दुरुस्त करून नवी केली की ते काम पक्कं झालंय का, आणि ज्या मुलाला चालता येत नाही किंवा दिसत नाही, त्याला त्या शाळेत एकट्याने वावरता येतं का, हे बघायचं काम होतं.

या कामात मला पाटणकर साहेबांनी आणलं. ते इंजिनिअर. एका इमारतीवर ते हातात कागद घेऊन फरशा मोजत होते आणि मी त्यांच्या मागून झाडत होते. मी म्हटलं, "साहेब, खिडकीकडच्या ओळीखाली माल नाही."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आपल्याला कोणी सांगितलं?"

"झाडूच्या दांड्याने."

त्यांनी एक फरशी उचकटायला लावली. खाली मधोमध मालाचा एक लाडू होता, बाकी हवा. त्यांनी ठेकेदाराला हाक मारली आणि म्हणाले, "या बाई झाडता झाडता तुमची परीक्षा घेतायत. तुम्ही नापास."

पुढे त्यांनी नोकरी सोडून तपासणीचं स्वतःचं छोटं ऑफिस काढलं, तेव्हा कात्रजला माझं घर शोधत आले. माझा नवरा गवंडी होता, तो त्याआधीच गेला होता. माझे गुडघे ओझं नको म्हणत होते. साहेब दारात उभे राहून म्हणाले, "इंदूबाई, डोक्यावरचं ओझं सोडा. आता फक्त कान आणि तोंड घेऊन या."

एका ट्रस्टच्या पुण्यात बऱ्याच जुन्या शाळा होत्या. देणगी मिळाली की एकेक शाळा दुरुस्त व्हायची आणि ठेकेदाराकडून ताब्यात घेण्याआधी आमची तपासणी व्हायची. नावं लिहीत नाही. नावं लिहून पोकळ फरशी भरत नाही.

मी गजाने फरशा वाजवायचे. गिलाव्यावर नखाने ओरखडा काढायचे. त्याला पाणी कमी मारलेलं असलं की तो पिठासारखा झडतो. संडासात बादलीभर पाणी ओतून बाजूला उभी राहायचे. पाणी जाळीकडे जातं की दाराकडे येतं, हे बघायला घाई चालत नाही. एकदा ठेकेदाराचा माणूस कंटाळून म्हणाला, "अहो मावशी, पाण्याकडे काय बघत बसलाय?"

"बसले नाही, उभी आहे," मी म्हटलं. "आणि पाणी बघते, कारण तुम्ही सांगाल ते मला ऐकायचं नाही."

हे बसण्याचं बोलणं मी उगाच लिहिलं नाही. ते पुढे येणार आहे.

माणसंही एकेक भेटली. एका शाळेत दिव्यांगांसाठी वेगळा संडास बांधला होता. फरशी उत्तम, भिंतीला पकडायचे दांडे पक्के, दार रुंद. दाराला कुलूप. मुख्याध्यापकांना चावी मागितली तर म्हणाले, चावी शिपाई मामांकडे. मामा कुठे? रजेवर. आम्ही म्हटलं, मामा येईपर्यंत थांबतो. मग चावी टेबलाच्या खणात निघाली. आत गणपतीचं मखर, फुटका ढोल, निवडणुकीच्या वेळची बाकं आणि एक हार्मोनियम.

मुख्याध्यापक म्हणाले, "काय आहे, आमच्या शाळेत तशी मुलंच नाहीत."

साहेब म्हणाले, "कशी असतील? त्यांना पेटी वाजवता येत नसेल." आणि फॉर्मवर लिहिलं, 'संडास नाही.' मुख्याध्यापक म्हणाले, आहे की. साहेब म्हणाले, "ते कोठार आहे. कोठार उत्तम बांधलंय, तसं वेगळं लिहितो."

साहेबांची एक पद्धत होती. त्यांच्या आईची जुनी चाकांची खुर्ची होती, घडी होणारी. आई गेल्यावर ती त्यांनी टाकली नाही. प्रत्येक शाळेत ती रिक्षातून न्यायची. तिथे साहेब स्वतः त्या खुर्चीत बसायचे आणि हातांनी चाकं फिरवत फाटकापासून वर्गापर्यंत, वर्गापासून संडासापर्यंत, नळापर्यंत जायचे. पँट मळायची, दारात बोटं खरचटायची. मुलं मागे मागे हसत यायची. पहिल्यांदा मी म्हटलं, "साहेब, मी ढकलते ना." ते म्हणाले, "नको. ढकलणारा रोज नसतो."

उतारासाठी म्हणजे रॅम्पसाठी नियम सोपा आहे. एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबी हवी. त्याहून कमी केली की चढ खडा होतो. ढकलणाऱ्याला चालतो, स्वतः चाकं फिरवणाऱ्याला चालत नाही. हा नियम मला पाठ होता. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला माहीत नव्हतं असं कोणी म्हणायला नको.

आता कसब्यातली शाळा. कसबा पेठेत गल्ली एवढी की समोरून दुचाकी आली तर एकाने दुकानाच्या पायरीवर चढायचं. त्या गल्लीत ट्रस्टची दुमजली शाळा होती. जोतं दोन फूट उंच, म्हणजे गल्लीपासून व्हरांडा दोन फूट वर. रॅम्प चोवीस फुटांचा हवा, आणि नकाशात तो चोवीस फुटांचाच होता.

तपासणीच्या आठवड्यात साहेबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ट्रस्टला घाई होती, कारण जूनमध्ये शाळा भरायची होती. साहेब पलंगावरून म्हणाले, "इंदूबाई, तुम्ही एकट्या जा. फॉर्म भरा, सही मी तुमच्या शब्दावर करतो." मला त्याचा मोठेपणा वाटला. का वाटू नये? चौथी पास बाईच्या शब्दावर इंजिनिअर सही करणार होता.

मी गेले. फरशा वाजवल्या, सगळ्या मिळून नऊ पोकळ निघाल्या, त्या बदलायला लावल्या. संडासात पाणी ओतलं. वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांचे गज हलवून बघितले. मग रॅम्पपाशी आले. रॅम्पच्या खालच्या टोकावर राडारोड्याचा ढीग होता. विटांचे तुकडे, जुनी कौलं, रेती. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "मावशी, ढिगाखाली अजून सात-आठ फूट आहे. नकाशाप्रमाणे चोवीस. उद्या ट्रॅक्टर येतो, सगळं उचलतो."

फावडं भिंतीला टेकलेलं होतं. घमेलं तिथेच पालथं पडलं होतं. चाळीस वर्षं मी हेच उपसलं. अर्ध्या तासाचं काम. मी उपसलं नाही. म्हटलं, खुर्चीच चालवून बघू, म्हणजे कळेल.

खुर्ची ढिगाच्या कडेला ठेवली. आता साहेबांसारखं तिच्यात बसायचं आणि चाकं फिरवायची. आजूबाजूला सात-आठ कामगार होते. दोन बायका गिलाव्याला पाणी मारत होत्या. आणि मी बसले नाही.

कारण विचाराल तर सांगते. बांधकामावर बिगारी बाई बसलेली दिसली की मुकादम ओरडतो. पोटुशी असले तरी ओरडला आहे. भाकरीची सुट्टी सोडून चाळीस वर्षं मी कामाच्या जागी बूड टेकलं नाही. ज्या बायका पाणी मारत होत्या त्यांच्यासमोर मी खुर्चीत बसून फिरायचं, हे मला जमेना. कोणी मला मनाई केली नव्हती. आतूनच झालं नाही.

मग मी सिमेंटचं एक भरलेलं पोतं उचलून खुर्चीत ठेवायला लावलं. पन्नास किलो. कुठलं पोर पन्नास किलोचं असतं? आणि खुर्ची ढकलली. झरकन वर गेली. मला दमही लागला नाही. मी फॉर्मवर लिहिलं, 'रॅम्प चोवीस फूट. चढ ठीक. पोतं घालून बघितलं.' त्या पोत्याचा मला अभिमान होता. साहेबांना सुचलं नव्हतं ते मला सुचलं, असं रिक्षात वाटत होतं.

चढ मला कळलाच नाही, कारण मला चढ कळत नाही. मी डोक्यावर विटा घेऊन बांबूच्या परांचीवरून, तिरक्या फळ्यांवरून दिवसातून शंभरदा वर गेलेली बाई. त्या फळ्यांपुढे कुठलाही रॅम्प सपाटच. माझी पाठ हे माप नव्हे, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं. कान बरोबर निघाला म्हणून पाठही बरोबर असेल, असं मी धरून चालले.

साहेबांनी सही केली. शाळा भरली.

काम ताब्यात घेतल्यावर एक वर्ष ठेकेदार बांधलेला असतो. त्या वर्षात जे बिघडेल ते त्याने नीट करून द्यायचं. वर्ष संपण्याआधी आम्ही पुन्हा एक फेरी मारायचो. तसे कसब्यात गेलो. साहेब काठी घेऊन चालत होते. ढीग कधीच गेला होता. आणि ढिगाखाली रॅम्प नव्हता. तिथे ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण होतं. चेंबर मध्ये आलं म्हणून ठेकेदाराने रॅम्प तिथेच संपवला होता. सोळा फुटांवर.

साहेबांनी मला खुर्ची उघडायला सांगितली आणि बसले. चाकं फिरवत अर्ध्यापर्यंत गेले. तिथे हात थांबले. खुर्ची मागे सरकायला लागली. मी मागच्या चाकाला पाय लावला.

खुर्चीत बसूनच, पाठमोऱ्या साहेबांनी विचारलं, "इंदूबाई, गेल्या वर्षी यात कोण बसलं होतं?"

"पोतं."

"बरं. पोत्याचं मत विचारलंत का?"

बारा वर्षांत त्यांनी मला बोललेलं एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आम्ही आत गेलो. शाळेत मुख्याध्यापिकेला मोठ्या बाई म्हणतात. साहेबांनी मोठ्या बाईंना विचारलं, शाळेत खुर्ची वापरणारं कोणी मूल आहे का?

"होती एक," मोठ्या बाई म्हणाल्या. "सानिका. तिसरीत. दिवाळीपासून येत नाही. हुशार आहे हो, पण आई आणत नाही. पालकांचं काय असतं, आपण किती सांगणार?"

मी पत्ता मागितला. साहेब म्हणाले, "मी येऊ?" मी म्हटलं, "नको. पोतं मी घातलं होतं."

दोन गल्ल्या पलीकडे एक खोली, तळमजल्यावर. सानिकाची आई रेखा, तिशीची. आधी बुधवार पेठेत पुस्तकांच्या बाइंडिंगच्या दुकानात होती. आता छापलेले मोठे कागद घरी आणून त्यांच्या घड्या घालत होती. सानिका पलंगावर पाय पसरून बसली होती आणि आईने घातलेल्या घडीवर लाकडी पट्टी फिरवून ती दाबत होती. पाय काटक्यांसारखे. जन्मापासून तसेच. उजव्या हाताची दोन बोटं जराशी वाकडी.

रेखाला वाटलं मी शाळेतून आले. म्हणाली, "मावशी, मी सांगितलंय मोठ्या बाईंना. मला जमत नाही."

"काय जमत नाही ते मला सांग," मी म्हटलं.

"पहिले तीन महिने शिपाई मामा ढकलायचे. ते रिटायर झाले. नवीन मामा म्हणतात, हे माझ्या कामात नाही. मग वर्गातली मुलं ढकलायची, ती शर्यत लावायची. बाईंनी ते बंद केलं, बरोबरच केलं. मग मी जायचे. सकाळी चढवायला. मधल्या सुट्टीत खाली संडासाला न्यायला, परत चढवायला. सुटल्यावर उतरवायला. दुकानाचे मालक म्हणाले, रेखाताई, तुम्ही नोकरी इथे करता की शाळेत?"

"आणि बोटं?"

बोटांचं सानिकानेच सांगितलं. "मी म्हटलं आईला नको, मी एकटी चढते. निम्मी चढले, आजी. मग खुर्ची मागं यायला लागली. मी चाक धरलं तर बोटं आत गेली." ते सांगताना तिच्या हातातली पट्टी थांबली नाही.

"तेव्हापासून तीच नको म्हणते," रेखा म्हणाली. "मी कशाला बळजबरी करू?"

मी म्हटलं, "तो रॅम्प मी पास केलाय."

रेखाने कागद खाली ठेवला. "तुम्ही?"

"मी. मोजला नाही. ढिगाखाली आहे म्हणाले, मी मान्य केलं. खुर्चीत बसून बघायचं होतं, बसले नाही."

तिने मला निरखून बघितलं. माझं लुगडं, माझे पाय, हातातली पिशवी. मग म्हणाली, "मला वाटायचं कोणीतरी साहेब असेल. वर्षभर मी साहेबाला शिव्या घालतेय."

"मला घाल आता," मी म्हटलं.

"आता घालून काय," ती म्हणाली, आणि पुन्हा घड्या घालायला लागली. चहा विचारला नाही. बरोबर केलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं, नवीन अहवाल लिहा आणि त्यात माझं नाव घाला. साहेब म्हणाले, "नाव कशाला? मोजणीत चूक झाली, एवढं लिहितो. शिवाय सही माझी आहे."

"मोजणीत चूक नाही झाली," मी म्हटलं. "मोजलंच नाही, असं लिहा."

त्यांनी तसं लिहिलं. दोघांची नावं घातली. ठेकेदार म्हणाला, तुमच्याच माणसाने पास केलंय, आता मी कशाला तोडू? ट्रस्टच्या बैठका झाल्या. मी दोन बैठकांना गेले. मला बसायला खुर्ची दिली, मी उभीच राहिले. एक गृहस्थ म्हणाले, "एका मुलीसाठी अख्खा रॅम्प तोडायचा का?" मी म्हटलं, "एका मुलीसाठी नाही. आता तीही येत नाही. म्हणजे कोणासाठीच नाही. कोणासाठी बांधला होता ते सांगा, मग तोडायचा की नाही ठरवू." साहेबांनी टेबलाखालून काठी माझ्या पायाला लावली. गप्प बसा, असा अर्थ. पण ठराव झाला.

ठराव झाला म्हणजे रॅम्प झाला असं नाही. चेंबर हलवता येत नव्हतं, म्हणून रॅम्प भिंतीच्या कडेने जाऊन मध्ये सपाट जागा घेऊन उलटा वळवायचा, असा नवा नकाशा झाला. तो पास व्हायला पावसाळा गेला. मग परीक्षा आल्या, शाळा चालू असताना तोडफोड नको. मग सुट्टीत मजूर गावाला गेले. सव्वा वर्ष गेलं.

मधल्या काळात मी रेखाकडे अधूनमधून जायचे. फार काही केलं नाही. तिच्या दाराला उंबरा होता. त्याला मी एक लाकडी उतार करवून घेतला, नीट मोजून. एवढंच मला येतं. सानिकाला अभ्यास शिकवला वगैरे म्हणाल तर माझी चौथीची अक्कल कुठे पुरणार? तीच मला वाचून दाखवायची. घड्या घालायला आलेल्या कागदांवरची पानं उलटीसुलटी छापलेली असतात. आठव्या पानाशेजारी पहिलं. त्यामुळे तिला प्रत्येक गोष्ट अर्धीच मिळायची. "आजी, राजाला विंचू चावला इथपर्यंतच आहे," म्हणायची. "बाकीचा कागद दुसऱ्या बाईकडे गेला." तिचं नाव पटावर होतं. बाई कधीतरी प्रश्नपत्रिका घरी पाठवायच्या, ती सोडवायची. तिसरीतून चौथीत गेली, चौथी पास झाली. शाळेत न जाता माझ्याएवढी शिकली.

मग एका सकाळी साहेबांचा फोन आला. "कसब्याचा रॅम्प झाला. आज कोण बसणार?"

"मी," मी म्हटलं.

मी टेप लावून तीनदा मोजलं. कुठे ढीग नव्हता. मग पदर खोचला आणि त्या खुर्चीत बसले. गवंडी, बिगारी, सगळे बघत होते. एक बाई तोंडाला पदर लावून हसली. मी चाकं फिरवायला लागले. खुर्चीत बसल्यावर जग केवढं उंच होतं, हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. दाराची कडी उंच, नळ उंच, माणसं उंच. हातांच्या तळव्यांची आग झाली. मध्ये सपाट जागेवर थांबले, श्वास घेतला, वळले, आणि वर पोचले. खुर्ची कुठेही मागे आली नाही. ही एवढीच चाचणी दोन वर्षांपूर्वी करायची होती.

शाळा भरायला अजून आठवडा होता. दुसऱ्या दिवशी रेखा आणि सानिकाला घेऊन आले. साहेबही आले. मोठ्या बाई प्रवेशाच्या कामासाठी ऑफिसात होत्या, त्या बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

रेखा सवयीने खुर्चीच्या मागे गेली. सानिका म्हणाली, "सोड गं." रेखाने हात काढले, पण बोटं तशीच आकडलेली राहिली.

पोरगी चढली. वाकड्या बोटांनी चाक धरायची तिने वेगळीच रीत काढली होती, तळव्याने ढकलायची. सपाट जागेवर थांबली नाही, सरळ वळली. व्हरांड्यात पोचून मागे बघितलं. साहेबांनी काठी काखेत धरून टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाईंनीही.

सानिका व्हरांड्यातून खुर्ची हाकत निघाली. दारांवरच्या पाट्या वाचत होती. बालवाडी. पहिली. दुसरी. तिसरी. चौथी. व्हरांडा संपला.

"माझा वर्ग?" ती म्हणाली.

मोठ्या बाईंच्या टाळ्या थांबल्या. "पाचवी ना तुझी," त्या म्हणाल्या. "पाचवी ते सातवी वर भरते, बाळा."

मी साहेबांकडे बघितलं, साहेबांनी माझ्याकडे. आम्ही दोघांनी ती शाळा तीन वेळा तपासली होती. मी वरच्या खिडक्यांचे गज हलवून बघितले होते. फॉर्ममध्ये रॅम्पची लांबी होती, उंची होती, कठड्याची उंची होती. रॅम्पच्या पुढे पोराचा वर्ग कुठे भरतो, हा रकाना नव्हता, आणि दोन वर्षांत पोरं मोठी होतात हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मी म्हटलं, "मग पाचवी खाली आणा."

"आणि खालची कुठे नेऊ?" मोठ्या बाई म्हणाल्या. "बालवाडी वर नेऊ? चार वर्षांची पोरं जिन्यावरून पडली तर तुम्हीच अहवाल लिहाल."

"चौथी वर न्या. ती मोठी आहेत."

"चौथीचा पट पन्नासचा आहे, वरची खोली तीसची. मी काय हौसेने करते का, इंदूबाई? ट्रस्टला लिहिते. पुढच्या वर्षी बघू."

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्या खोल्या मीच मोजल्या होत्या.

साहेब रेखाला म्हणाले, "मीही लिहितो. आजच लिहितो." रेखा म्हणाली, "लिहा." तिचा आवाज रागाचा नव्हता. बाजारात नको असलेल्या भाजीचा भाव ऐकून माणूस 'बरं' म्हणतं, तसा होता.

साहेबांनी लिहिलं. मीही एक पोस्टकार्ड टाकलं. वर्ग वरच राहिला. पुढच्या वर्षी गुडघ्यांनी जिने नको म्हटल्यावर मी काम सोडलं. तो फॉर्म अजून चालतो. त्यात खाली एक रकाना साहेबांनी वाढवला, 'प्रत्येक इयत्ता कोणत्या मजल्यावर भरते'. लोक म्हणतात, चांगला रकाना आहे.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. सानिका जिन्यापाशी गेली होती. मान वर करून तिने पायऱ्या मोजल्या. ओठ हलताना दिसत होते. अठरा. मग तिने खुर्ची वळवली आणि पुन्हा बालवाडीपर्यंत आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, लिहा. रॅम्प ठीक आहे."

मी लिहिलं.

ती उतरायला लागली. रेखा पुढे झाली, सानिकाने मानेनेच नको म्हटलं. चाकांवर तळवे दाबत सावकाश खाली आली, वळणावर वळली, गल्लीत पोचली. खुर्ची कुठे सुटली नाही, कुठे अडली नाही. कोणाचा हात लागला नाही. रॅम्प उत्तम झाला होता.